नक्की, बहुतेक, नाही

दाराला कुलूप लावून ती वळली तेव्हा उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकली. कुणीतरी बाजूला उभं राहून फोटो काढावा तसा पांढरा झोत, आला आणि गेला. तिनं वळून पाहिलं. जिन्याची खिडकी, खिडकीत कुणीतरी वाळत घातलेलं पायपुसणं, बाकी कुणी नाही. लिफ्टमध्ये शिरल्यावर समोरच्या स्टीलच्या दारावर एक केस लोंबत होता. तिनं तो झटकला. केस डौलात डावीकडे सरकला आणि तिचा हात खाली येताच परत आपल्या जागी येऊन बसला. तिनं पुन्हा झटकला. "माशी आहे का?" मागे उभ्या असलेल्या, वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं. "नाही, केस आहे," ती म्हणाली. काकांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि तळमजला येईपर्यंत ते आपल्या चपलांकडे बघत राहिले.

रस्त्यावर आल्यावर तिला कळलं की केस दारावर नव्हता. तो बँकेच्या पांढऱ्या भिंतीवरही होता, समोरून येणाऱ्या बसवरही होता आणि मान वर केली तर आभाळातही होता. एक वाकडा धागा आणि त्याच्याभोवती मिरपूड सांडावी तसे ठिपके. ती पाहील तिकडे तो आधी जाऊन बसायचा. फुटपाथच्या कडेला उभी राहून तिनं हातानं डावा डोळा झाकला. धागा तसाच. मग उजवा झाकला. जग एकदम स्वच्छ झालं, पुसून ठेवल्यासारखं. म्हणजे उजवा. वडिलांचाही उजवाच होता.

वडील बस चालवायचे. ती शाळेत असताना केव्हातरी त्यांच्या उजव्या डोळ्यावर खालून पडदा चढायला लागला. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, किंवा सगळ्यांनाच माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आता इतक्या वर्षांनी त्यातलं खरं कोणतं हे तिला सांगता आलं नसतं. तिनं पाहिलं होतं ते एवढंच, की वडील जेवताना पेल्यात पाणी ओतायचे आणि ते पेल्याच्या बाजूला पडायचं. आई काही न बोलता फडक्यानं टेबल पुसायची. वडील चष्मा काढून शर्टाच्या टोकानं खसाखसा घासायचे आणि म्हणायचे, "काच खराब निघाली या वेळी." मान थोडी उजवीकडे वळवून चालायची त्यांना सवय लागली होती, जणू कुणीतरी उजव्या बाजूनं सतत हाक मारतंय. तसेच ते रोज कामावर जायचे. आणि संध्याकाळी जिन्यात त्यांचे बूट वाजेपर्यंत आई प्रत्येक काम दोनदा करायची, विसळलेली भांडी पुन्हा विसळायची. बस कुठे आदळली नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या महिन्यांतली घरातली हवा तिला अजून आठवत होती. कुणी मोठ्यानं शिंकलं तरी सगळे दचकत.

तिच्या कामाचं ठिकाण जवळच होतं, चालत गेलं तरी दम लागू नये इतकं. तिच्या खोलीत भिंतभर एक नकाशा लावलेला होता. नवीन आलेल्या सफाईवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी त्याच्याकडे बघून चिंता व्यक्त केली होती, "भिंतीला ओल आलीय हो, बुरशी धरलीय." त्यात बाईंची काही चूक नव्हती. नकाशातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकाशगंगा, आणि लांबून बघितलं तर ते सगळे ठिपके खरंच बुरशीसारखे पसरलेले दिसत. कुठे लांब तंतू, तंतू जिथे एकमेकांना भेटतात तिथे दाट गाठी, आणि मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा, जिथे जवळजवळ काहीच नाही. गाठी म्हणजे आकाशगंगांचे समूह. तिचं आणि तिच्या गटाचं काम त्या गाठी शोधण्याचं; तेही अगदी लांबच्या, जिथून निघालेला उजेड इथे पोचायला अकराशे कोटींहून जास्त वर्षं लागतात. म्हणजे गाठ नुकती बसायला लागली होती तेव्हाच्या.

अडचण अशी, की आभाळात जवळ दिसणाऱ्या दोन गोष्टी जवळ असतातच असं नाही. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या गच्चीवरचा दिवा आणि डोंगरावरचा दिवा शेजारी शेजारी दिसतात, तसं. म्हणून प्रत्येकीचं अंतर काढायचं. उजेड जितक्या लांबून येतो तितका तो वाटेत ताणला जातो. किती ताणला गेला ते मोजलं की अंतर कळतं. त्या आकड्याला पुस्तकात भारदस्त नाव होतं, पण गटात सगळे त्याला नुसतं 'ताण' म्हणायचे, आणि कॉफीच्या यंत्रापाशी "तुझा ताण किती?" हा विनोद इतका जुना झाला होता की आता त्यावर हसायचीही कुणाला गरज वाटत नव्हती. एका ठिकाणच्या आकाशगंगांचा ताण सारखा आला तर त्या खरंच एकत्र. वेगवेगळा आला तर नुसताच दृष्टिभ्रम.

ठळक असत त्यांचा ताण यंत्र स्वतःच काढायचं. अंधूक असत त्या तिच्याकडे यायच्या. आकाशगंगेचा उजेड रंगांप्रमाणे फाकवून यंत्र एक पट्टी काढायचं; करड्या, खरखरीत, वाळू पसरल्यासारख्या त्या पट्टीवर कुठेतरी किंचित पांढरट डाग असे, किंवा नसे. डागाच्या जागेवरून ताण कळायचा; पण तो डाग खरा आहे की वाळूच आहे हे आधी डोळ्यांनी ठरवायचं आणि पुढे तीनपैकी एक शेरा लिहायचा, नक्की, बहुतेक, नाही. गेली कित्येक वर्षं ती हे करत होती. नजर बसली होती तिची. गटाचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणायचे, पाहुण्यांना तिची ओळख करून देताना म्हणत, "ही डोळ्यांत तेल घालून बघते. हिनं नक्की म्हटलं की नक्की." आणि आता जी गाठ त्यांना सापडली होती, ज्यावरचा लेख या आठवड्यात जायचा होता, ती जवळजवळ अख्खी तिच्या 'नक्की'वर उभी होती. तेवढे शेरे काढून घेतले तर उरत होत्या दोन-चार ठळक आकाशगंगा, ज्या कुठेही असतात.

ती खुर्चीत बसली, दिवा बंद केला, त्या गाठीतली पहिली पट्टी पडद्यावर आणली. धागा संथपणे पट्टीवरून पोहत गेला. त्याच्या टोकाला एक फिकट गोळा होता. पट्टीवरही एक फिकट गोळा होता. तिनं नजर हलवली. धाग्याचा गोळा हलला, पट्टीवरचा जागच्या जागी राहिला. अर्थात. डोळ्यातलं डोळ्याबरोबर हलतं आणि बाहेरचं हलत नाही, एवढं तिला कळत होतं. पण कळून काय उपयोग? हे आज सुरू झालं की कधीचंच होतं आणि आज फक्त दिसलं? वडिलांना तरी पहिल्या दिवशी कुठे कळलं होतं? तिनं दुसरी पट्टी काढली, तिसरी काढली. एकेका डागाकडे ती टक लावून बघायला लागली तसतसा डाग विरघळायला लागला, एखादा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला की त्याचा अर्थ जातो तसा. इथे मी नक्की म्हटलं होतं? कशावरून? तिला वाटलं, आपण इतकी वर्षं आभाळ बघत नव्हतोच, आपल्याच डोळ्यातला कचरा मोजत होतो आणि वर त्याचा नकाशा करून भिंतीला लावला. बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं, कॉफीचं यंत्र घुरघुरलं. तिनं पडदा बंद केला.

गप्प बसता आलं असतं. चार दिवसांचा प्रश्न होता. लेख एकदा गेला की गेला. नंतर डोळ्याचं काहीही निघालं तरी त्याचा याच्याशी संबंध कुणी लावला नसता. हा विचार तिच्या मनात आला आणि तो इतक्या शहाणपणानं आला, इतक्या मऊ आवाजात, की तिला वडिलांचा चष्मा घासायचा आवाजच ऐकू आला. काच खराब निघाली या वेळी. आणि त्याच्या मागोमाग, बोलावल्याशिवाय, एक दुपार आठवली. वडील त्या दुपारी लवकर घरी आले होते. कामावर सगळ्यांची नजर तपासली होती आणि ते सापडले होते. बस काढून घेतली, आगारातल्या भांडारात बसायला सांगितलं. आता आभाळ कोसळणार म्हणून ती दप्तर घेऊन भिंतीला टेकून उभी होती. वडिलांनी बूट काढले, हातपाय धुतले, सतरंजीवर आडवे झाले आणि झोपले. घोरायला लागले. मधल्या सगळ्या महिन्यांत तिनं त्यांचं घोरणं ऐकलं नव्हतं. आई दारात उभी राहून ते घोरणं ऐकत होती, आणि ऐकता ऐकता खाली बसली.

ती उठून कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत गेली. तिथे बसणाऱ्या माणसाला सगळे 'पण' म्हणायचे, कारण कुणीही काहीही सांगितलं तरी त्याचं पहिलं वाक्य 'पण'नं सुरू व्हायचं. दोघं एकाच वर्गात शिकलेली, त्यामुळे अरेतुरेत होती. पण गेल्या बैठकीपासून बोलणं बंदच होतं. त्या बैठकीत तो म्हणाला होता की एका माणसाच्या नजरेवर एवढा मोठा दावा करू नये, तिच्या पट्ट्या आणखी दोघांनी बघाव्यात, तिचे शेरे न बघता. आणि ती भडकली होती. "माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही असं सरळ म्हण ना," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, आणि सरांनी तिची बाजू घेऊन विषय मिटवला होता. आता ती त्याच्या दारात उभी होती आणि तो त्या दारासकट तिला धाग्याआडून दिसत होता.

"येऊ का?"

"ये की." त्यानं खुर्चीवरची कागदांची चळत उचलून जमिनीवर ठेवली.

"त्या पट्ट्या," ती म्हणाली, "तू म्हणत होतास तसं करूया. आणखी दोघांनी बघूदेत. माझे शेरे दाखवू नकोस त्यांना."

"पण सरांनी तर..."

"सरांना मी सांगेन." मग तिला वाटलं इथे थांबता येईल, एवढंही पुरेल. ती थांबली नाही. "सकाळपासून माझ्या उजव्या डोळ्यात काहीतरी आलंय. धागा, ठिपके. कडेला उजेड चमकतो. वडिलांचा एक डोळा असाच गेला होता. कधीपासून आहे ते मला माहीत नाही. मी काय बघितलं आणि काय नाही याची मला खात्री देता येत नाहीये."

ती वाट बघत होती, आता 'पण' येईल, आणि मग 'मी तेव्हाच म्हटलं होतं' येईल. येऊ दे. तिनं खांदे ताठ केले होते.

"मग तू इथे काय करतेयस?" तो जवळजवळ ओरडलाच. "मूर्ख आहेस का? डॉक्टरकडे जा आधी! बरोबर कोण आहे? मी येऊ?"

"नणंदेला फोन करते."

"कर. आत्ता, इथेच, माझ्यासमोर." आणि ती फोन लावत असताना तो हळू आवाजात म्हणाला, "पट्ट्यांचं मी बघतो. मी आणि ती नवीन मुलगी. दुपारपर्यंत करतो. तू त्याचा विचार करू नकोस." दारातून बाहेर पडताना तिच्या लक्षात आलं, की इतक्या वेळात हा माणूस फक्त एकदाच 'पण' म्हणाला होता.

सरांच्या खोलीत जाऊन तिनं त्यांनाही सांगितलं. त्यांनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा ठेवलं आणि ते म्हणाले, "लेख थांबेल. पळून नाही जात तो." एवढंच. ज्या भिंतीवर आपण आपटणार म्हणून डोळे मिटून घेतले होते तिथे भिंतच नव्हती, असं काहीतरी तिला जिना उतरताना वाटत राहिलं. डोळ्याची भीती मात्र होती तिथेच होती. फक्त ती भीती आता एकटी होती, तिच्या मानेवर दुसरं कुणी बसलेलं नव्हतं.

नणंद पोहण्याची प्रशिक्षक होती. सकाळच्या तुकडीनंतरचे ओले केस तसेच बांधून, गळ्यातली शिट्टीसुद्धा न काढता ती दवाखान्याच्या पायरीवर उभी होती. तिला हळू बोलता यायचंच नाही. आयुष्यभर पाण्यात बुडालेल्या कानांशी बोलून तिचा आवाज कायमचा चढला होता. "वहिनी, घाबरू नकोस!" ती रस्त्याच्या पलीकडून म्हणाली आणि मधल्या दोन अनोळखी बायका घाबरल्या. "दादाला कळवलं मी. तो म्हणाला, तपासून झाल्या झाल्या फोन कर, तोवर मी काही खात नाही. मी म्हटलं खा रे बाबा, तू उपाशी राहून हिचा डोळा बरा होणार आहे का?" तिनं वहिनीचा हात धरला तो असा, जसा ती पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याचा धरत असेल, मनगटाच्या वर, घट्ट.

डोळ्यांत औषध घातलं. ते चुरचुरलं. मग डोळे मिटून बसायला सांगितलं, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत. मिटलेल्या डोळ्यांआडही उजवीकडे अधूनमधून तो झोत चमकत होता. शेजारी नणंद कुणातरी आजोबांना मानेचे व्यायाम समजावत होती. फिनाइलचा वास, कुठेतरी पंख्याची कुरकुर. तिनं कल्पना करून पाहिली, की आता डोळे उघडायचेच नाहीत. तर मग आपल्याकडे काय उरतं? पट्ट्या जातील. भिंतीवरचा नकाशा जाईल. पण नकाशा तिला पाठ होता. मिटल्या डोळ्यांनी ती त्याच्या एका तंतूवरून चालत गाठीपर्यंत जाऊ शकत होती, तिथून दुसऱ्या तंतूवर वळू शकत होती, आणि मोकळ्या जागांशी थबकायची ती नेहमीसारखी थबकली. लहानपणी रिकाम्या वर्गात शिरल्यावर वाटायचं तसं तिला त्या जागांपाशी वाटायचं. भीती नव्हे, नुसता आवाज कमी झाल्यासारखं. ज्यानं हे सगळं एकत्र ओढून धरलंय ते तिला कधीच दिसलेलं नव्हतं, कुणालाच दिसत नाही. दिसतो तो फक्त वर सांडलेला उजेड. इतका कमी उजेड, आणि तरी आपण किती ठामपणे बोलतो. हसू आलं तिला. "काय झालं?" नणंदेनं विचारलं. "काही नाही गं."

डॉक्टरबाई ठेंगण्या होत्या आणि त्यांनी खाणीतल्या कामगारासारखा कपाळावर दिवा बांधला होता. "वर बघा. वर आणि उजवीकडे. खाली. अजून खाली, आपल्या पायाच्या करंगळीकडे." दिवा इतका प्रखर होता की तिला तिच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची सावली दिसली, फांद्या फुटलेलं एक झाड. वडिलांचं तिनं सांगितलं होतं, त्यामुळे बाई घाई करत नव्हत्या. पापणीवरून एक बोथट कांडी दाबून दाबून त्या कडेकडेनं पुढे जात होत्या, शिवण तपासावी तशा. मध्येच त्या थांबल्या. परत मागे आल्या. "हं," म्हणाल्या. त्या 'हं'मध्ये ती किती वेळ लटकली कुणास ठाऊक. मग बाई पुढे सरकल्या.

"डोळ्यामागचा पडदा फाटलेला नाही," दिवा विझवून त्या म्हणाल्या. "कुठेही नाही. दोनदा पाहिलं मी."

"मग ते..."

"डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ असतो. वय झालं की तो आक्रसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटतो. सुटताना पडदा ओढला जातो, म्हणून उजेड चमकतो. धागा म्हणजे त्या जेलीचीच सुरकुती. तुमच्या वडिलांचा पडदा सुटला होता. तुमची फक्त जेली सुटलीय. ती बहुतेकांची सुटते, कुणाची पन्नाशीत, कुणाची सत्तरीत."

"कधीपासून असेल हे?"

"आजपासूनच. ताजं आहे अगदी. काही आठवड्यांनी परत दाखवा. आणि मध्ये ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा कडेनं काळं चढायला लागलं, तर जशा असाल तशा उठून यायचं, चष्मा पुसत बसायचं नाही."

चष्मा पुसत बसायचं नाही हे बाई प्रत्येकालाच सांगत असणार. पण तिला हुंदका आला. औषधानं डोळे वाहत होतेच, त्यामुळे तो त्यात खपून गेला. "आणि काम? मी पडद्यावर बघायचं काम करते, फार अंधूक गोष्टी."

"करा की. धाग्याची सवय होते. घरात पाहुणा राहिला की होते तशी." बाईंनी दिवा कपाळावरून उतरवला. खाली लाल वळ उठला होता.

बाहेर पडल्या तेव्हा ऊन असं अंगावर आलं की तिनं दोन्ही हात डोळ्यांवर धरले. बाहुल्या सताड उघड्या होत्या. रस्ता, गाड्या, दुकानांच्या पाट्या, सगळं पांढऱ्यात विरघळून गेलं होतं, माणसं नुसते रंगाचे फराटे. काहीच नीट दिसत नव्हतं आणि जीव कसा भांड्यात पडला होता. नणंदेनं आपली उन्हाची टोपी तिच्या डोक्यावर बसवली. नवऱ्याला फोन झाला, तो पलीकडून म्हणाला, "आता जेवतो." बसथांब्याच्या बाकावर सावलीत दोघी बसल्या. तिला भूक लागल्याचं एकदम जाणवलं, सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी साधं जाणवलं. तेवढ्यात तिचा फोन थरथरला.

तिनं तो नाकापाशी धरला, लांब धरला. अक्षरांचा नुसता धूर. "वाच गं जरा. मला नाही दिसत."

"कुणीतरी 'पण' आहे," नणंद म्हणाली. "हे काय नाव झालं? लिहिलंय, आधी डोळ्याचं कळव. मग खालचं वाच. दोघांनी वेगवेगळं बघितलं, तुझे शेरे उघडलेसुद्धा नाहीत. मग वर 'ताण' लिहून आकडेच आहेत नुसते. वाचू?"

"वाच."

नणंदेनं घसा साफ केला आणि स्पर्धेचा निकाल जाहीर करावा तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली. "दोन पॉइंट नऊ एक. दोन पॉइंट नऊ एक. दोन पॉइंट नऊ शून्य. दोन पॉइंट नऊ एक. दोन पॉइंट नऊ दोन. हा एक खोडलाय, लिहिलंय, आम्हा दोघांच्या मते इथे काही नाही, तू नक्की म्हटलं होतंस."

"बरं." तिला वाटलं टोचेल. टोचलं नाही. उलट छातीत कुठेतरी एक बटण सुटल्यासारखं झालं. "पुढे?"

"पुढे परत दोन पॉइंट नऊ एक. हा म्हणे तू नाही म्हणून टाकून दिला होतास, आम्हाला दोघांनाही स्वच्छ दिसतोय. दोन पॉइंट नऊ शून्य. दोन पॉइंट नऊ एक." बाकावरचे दोन-तीन लोक वळून बघायला लागले होते. नणंद वाचत होती आणि ती टोपी डोळ्यांवर ओढून, मान खाली घालून ऐकत होती. एकेक आकडा येत होता आणि मागच्याच्या शेजारी जाऊन बसत होता. दिसत काहीच नव्हतं. तिला पट्टी नको होती, डाग नको होता. त्या सगळ्या एकत्र होत्या, खरंच होत्या, आणि तिनं बघितलं नसतं तरी असत्या. दुसरं कुणीतरी बघून तेच सांगत होतं. रस्त्यावरून एक जड गाडी गेली तेव्हा नणंद थांबली, गाडी जाऊ दिली आणि पुढचे वाचले. मग तिनं फोन खाली केला.

"वहिनी, यात काहीतरी गडबड आहे हं," ती गंभीरपणे म्हणाली. "इतक्या वर्षांत मी असं बघितलं नाही. सगळ्यांची वेळ एकच? सगळे पोहणारे एकदमच भिंतीला टेकले?"

"हो गं," ती म्हणाली. "सगळ्या एकदमच."